मास्तरचा तिसरा रकाना

नवा फोन घेताना दुकानदाराने काच, कव्हर आणि एक जादा वायर फुकट दिली, कारण ती मिळेपर्यंत मी त्याच्या काउंटरवरून हललो नाही. माझा जुना बटणांचा फोन रस्त्यावर पडला असता तर कोणी वाकून उचलला नसता, पण बदलीत त्याचेही मी तीनशे रुपये कापून घेतले. सगळं झाल्यावर दुकानदार म्हणाला, तुमच्या कॉम्प्युटरमधले नंबर या फोनमध्ये टाकून देतो, पन्नास रुपये होतील. मी नको म्हणालो. एक तर पन्नास रुपये, आणि दुसरं म्हणजे दलालाच्या नंबरांची यादी ही त्याची तिजोरी असते. ती एकदा दुसऱ्याच्या हातात देऊन मी पस्तावलो होतो.

मी भिवंडीत ग्रे कापडाची दलाली करतो. लूमवरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं कापड म्हणजे ग्रे. नारपोलीचा कारखानदार ते विणतो, मुंबईचा व्यापारी उचलतो आणि दोघांच्या मध्ये मी उभा असतो. सोळाव्या वर्षी याच नारपोलीत मी खांद्यावर कापडाचे ताके वाहत होतो. पुढे जे काही झालं ते तोंडाच्या जोरावर झालं. भाव शांतपणे सांगितला की समोरच्याला वाटतं अजून जागा आहे. मी ओरडून सांगायचो, आणि माझा भाव शेवटचा मानला जायचा. वडील खाडीकाठची भातशेती करायचे, त्यांचाही आवाज असाच होता, पण तो बांधावरच वाया गेला.

माझ्या घराच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात वीस वर्षं एक कारकून होता. त्याचे वडील शाळेत शिक्षक होते, म्हणून सगळे त्यालाही मास्तर म्हणायचे. हळू बोलायचा. कॉम्प्युटर त्यानेच घ्यायला लावला आणि सगळ्या पार्ट्यांचे, म्हणजे कारखानदार-व्यापाऱ्यांचे, नंबर त्यानेच त्यात भरले. मी त्या कॉम्प्युटरला हात लावत नव्हतो. मी नाव सांगायचं, त्याने नंबर लावून फोन माझ्या हातात द्यायचा, अशी आमची रीत होती.

दोन वर्षांपूर्वी मुंबईचे दोन व्यापारी समोर बसलेले असताना मी भाव सांगितला आणि मास्तर मध्येच म्हणाला, शेठ, तो कालचा भाव आहे. मी त्याला म्हणालो, तुम्ही फोन लावायचं काम करा, अक्कल माझी चालू द्या. असलं मी त्याला शंभर वेळा बोललो असेन. त्या दिवशी मात्र व्यापारी गेल्यावर त्याने कॉम्प्युटर बंद केला, त्यावर कापडी खोळ घातली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि तो गेला. भाव कालचाच होता, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर वर्षभरात माझ्या निम्म्याहून जास्त पार्ट्या तुटल्या. वीस-वीस वर्षांची माणसं फोन उचलेनाशी झाली. मास्तर वळ गावातल्या एका गोदामात मालाची आवक-जावक लिहायला लागला आहे, असं कानावर आलं. मला ते पटलं नाही. गोदाम दाखवायला असेल, आत माझ्याच पार्ट्या घेऊन दलाली चालली असेल, असं मी धरून चाललो. लग्नात, मयतीत, जिथे चार माणसं भेटतील तिथे मी ते सांगितलं. त्याचा नंबर तर तो गेला त्या दिवशीच फोनमधून पुसून टाकला होता.

मला पुरावा हवा होता. नवा फोन त्यासाठीच घेतला. सगळी यादी खिशात आली की तुटलेल्या एकेका पार्टीला फोन लावायचा आणि मास्तर तुम्हाला काय देतो, हे तिच्या तोंडून काढायचं, असा माझा बेत होता.

शुक्रवार होता. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद, बाजार शांत. मी खोळ काढून कॉम्प्युटर सुरू केला आणि फोनवर शिकवणीचा व्हिडिओ लावून समोर बसलो. काम अवघड नाही. नावांचा तक्ता एका ठरावीक प्रकारात साठवायचा, तो इंटरनेटवर आपल्या खात्यात चढवायचा, आणि तेच खातं फोनमध्ये असलं की नंबर आपोआप उतरतात. पहिल्या खेपेला सगळ्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. चारशे माणसं आणि सगळी प्रश्नचिन्हं. मी टेबलावर हात आपटला तेव्हा चहा घेऊन खाली आलेली बायको म्हणाली, "पन्नास रुपये दिलं असतं त हात मोडलं असतं का तुमचं?"

दुसऱ्या खेपेला साठवायचा प्रकार बदलला. व्हिडिओत सांगितलं होतं की रकान्यांची नावं इंग्रजीत हवीत, आणि नाव व नंबर एवढे दोनच रकाने ठेवले तरी पुरे. मास्तरच्या तक्त्यात तिसराही रकाना होता. पडद्याच्या उजवीकडे अर्धवट लपलेला, वर ‘शेरा’ लिहिलेलं. आत काय आहे ते मी बघितलं नाही. फुकटात जात असेल तर सोडायचं कशाला, म्हणून त्यालाही इंग्रजी नाव देऊन तिन्ही रकाने चढवले. या वेळी नावं मराठीत उतरली.

पहिला नंबर मी नारपोलीच्या एका जुन्या कारखानदाराचा उघडला. गल्लीत सगळे त्याला हाजीसाब म्हणतात. मागच्या वर्षी तुटलेली माझी सगळ्यात मोठी पार्टी. नंबराखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं:

‘शेठ चिडले. दुसऱ्या दिवशी दहा वाजता, चहा झाल्यावर फोन केला. शेठची शुगर वाढली होती असे सांगितले. समजले.’

त्याखाली आणखी एक: ‘भावावरून शब्द गेले. फोन केला. शुगर. शांत.’ अशा सात-आठ नोंदी होत्या.

मला शुगर नाही. कधीच नव्हती.

मी दुसरं नाव उघडलं, तिसरं उघडलं. जिथे जिथे मी तोंड टाकलं होतं तिथे तिथे मास्तरने दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन केला होता. ‘फोन आपटला. शुगर. ठीक.’ ‘यांची मुलगी दहावीला आहे, मार्चमध्ये विचारणे.’ एका ठिकाणी होतं: ‘शेठ यांच्या वडिलांवरून बोलले. शुगर चालली नाही. घरी जाऊन आलो. दोन तास बसलो. ठीक.’ हे मी केव्हा बोललो होतो ते मला आठवतही नव्हतं.

मग एक गोष्ट आठवली. कितीतरी वर्षं कारखानदारांच्या ऑफिसात मला बिनसाखरेचा चहा यायचा. बाकीच्यांना गोड, मला कडू. मला वाटायचं, हा माझा अपमान आहे, ताके वाहणारा हमाल म्हणून अजून वेगळं पाडतात. त्या रागात मी भाव आणखी ताणायचो. आता कळलं, ती बिचारी माणसं माझी काळजी घेत होती.

बायको रिकामा कप न्यायला आली तेव्हा मी तिला फोन दाखवला. म्हणालो, बघ, हा माणूस वीस वर्षं मला गावभर रोगी करत फिरला. तिने वाचलं नाही. म्हणाली, माहीत आहे. मास्तरने पहिल्यांदा तिलाच येऊन विचारलं होतं, वहिनी, काय सांगू पार्टीला?

"मीच बोल्ले, शुगर हाय सांगा. याड लागलंय सांगन्यापरीस बरा."

मी म्हणालो, मला विचारायला नको होतं? ती म्हणाली, विचारलं असतं तर आणखी एक फोन करावा लागला असता. आणि कप घेऊन वर गेली.

तरीही मी हट्ट सोडला नाही. मागचं काही असो, नंतर त्याने पार्ट्या नेल्याच असतील. शनिवारी सकाळी लूम सुरू झाल्यावर मी हाजीसाबच्या कारखान्यात गेलो. खाली एवढा खडखडाट असतो की बोलायचं तर प्रत्येकाला माझ्यासारखं ओरडावं लागतं. तो मला माडीवरच्या काचेच्या खोलीत घेऊन गेला. मला वाटलं होतं, भेटणार नाही. त्याने खुर्ची दिली आणि चहा सांगितला. दोन कप आले. माझा बिनसाखरेचा होता. या वेळी मी मुकाट्याने प्यायलो.

मी सरळ विचारलं, मास्तर तुम्हाला काय भाव देतो? तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, मास्तर गोदामात आहे, त्याला आता कापडाचा भाव तरी ठाऊक असेल का? मग तोडलं का, असं मी विचारलं. त्याने कप खाली ठेवला.

"शेठ, पिछले साल आपने फोन पे मुझे क्या-क्या बोला, याद है? मैंने दो दिन राह देखी. सोचा, मास्तर का फोन आएगा. फिर याद आया, मास्तर तो अब है नहीं. तब दूसरा दलाल देख लिया."

मी म्हणालो, तुम्ही मला का नाही सांगितलंत?

"आपको कौन बोलता, शेठ?" तो म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

बाकीच्यांकडे जायची गरज उरली नाही. मास्तरने काही नेलं नव्हतं. तो फक्त दहा वाजताचा फोन करायचा थांबला होता.

आता मला त्याचा नंबर हवा होता. चारशे नंबर खिशात होते, त्यात तो नव्हता. स्वतःचा नंबर कोण यादीत लिहितो? हाजीसाबने आपल्या फोनमधून वाचून दाखवला. देताना म्हणाला, चिल्लाना मत.

कारखान्याबाहेर गाडीत बसून मी काचा वर केल्या आणि फोन लावला. माझा नंबर मास्तरने पुसलेला नव्हता. दुसऱ्याच घंटीला "बोला शेठ" म्हणाला.

"मास्तर, मला शुगर कधीपासून आहे?"

त्याच्या पाठीमागे मालाची गाडी मागे घेताना वाजते ती शिटी ऐकू येत होती. मग तो म्हणाला, पहिल्या वर्षीच्या दिवाळीपासून. तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.

मला खूप काही बोलायचं होतं. गाडीत बसेपर्यंत ते माझ्याजवळ होतं. तोंडातून मात्र निघालं ते असं की तिथे पगार किती देतात. त्याने सांगितला. मी त्यावर दोन हजार जास्त सांगितले. तो पगाराचा प्रश्न नाही म्हणाला. मी तीन केले. आयुष्यभर मी नकार ऐकला की आकडा वाढवत आलो, दुसरं काही येत नाही.

"शेठ, इथे संध्याकाळी गेट बंद झालं की माझं काम संपतं," तो म्हणाला. "सकाळी कोणासाठी कोणाला फोन करावा लागत नाही. या वयात तेवढं पुरे आहे."

आणि मी चिडलो. मला न विचारता रोगी ठरवलंत म्हणालो. तोंडावर कधी बोलला असतात तर मी सुधारलो नसतो का, असंही म्हणालो. आजही मला वाटतं, त्या बोलण्यात थोडं खरं होतं. वीस वर्षं त्याने माझी प्रत्येक चूक झाकली आणि मला ती चूक आहे हे कळू दिलं नाही. पण मी ते ज्या आवाजात बोललो, तो आवाज रस्त्यावरून ताके घेऊन जाणाऱ्या माणसांनाही बंद काचेतून ऐकू गेला. मास्तरने नेहमीसारखं मला संपवू दिलं. मग "ठेवतो शेठ" म्हणाला आणि ठेवला.

घरी येऊन मी त्याचं नाव फोनमध्ये घातलं. नंबराखाली शेऱ्याची जागा रिकामी होती. तिथे एका बोटाने लिहिलं: ‘चिडलो.’

रविवारी दहा वाजता, चहा झाल्यावर, मी फोन लावला. पूर्ण वाजला, उचलला नाही. सोमवारी लावला. मंगळवारी लावला. गोदामात सकाळी गाड्या लागतात, हात मोकळे नसतील. नसतील किंवा असतील. मी रोज एक ओळ लिहितो: ‘उचलला नाही.’

काल बायकोने विचारलं, "आनि उचलला त काय सांगाल?"

शुगर वाढली होती, असं जगात कोणालाही सांगता येईल, फक्त मास्तरला सांगता येणार नाही. त्याच्यासाठी मला खरं कारण शोधावं लागेल, आणि ते चारशे नावांच्या खाली कुठेही लिहिलेलं नाही.