ताईची दोन बोटं

ताई गेली त्या सकाळी शेजारच्या सलीमभाईंनी गंगापूरला मावशीला फोन लावला. ‘मावशी, घरात वाईट झालं,’ एवढंच ते म्हणाले आणि पलीकडून हंबरडा ऐकू आला. ‘गेला का माझा नंदू! लई सोसलं लेकरानं… सुटला बिचारा!’ नंदू म्हणजे मी. फोन स्पीकरवर होता. ‘मावशी, मी हाय इथं,’ मी म्हणालो. ‘ताई गेली.’ ती म्हणाली, ‘असं कसं व्हईल?’ तिचं तरी काय चुकलं? आधी मी जाणार, हे घरात सगळ्यांनीच धरून ठेवलेलं. मीसुद्धा.

मला स्नायू झिजण्याचा आजार आहे. कॉलेजात असताना जिना सुटला, मग चालणं, मग हातानं जेवणं. हा मजकूरही मी मोबाइलवर बोलून लिहितोय. वनिताताई माझ्याहून मोठी. लग्न केलं नाही, माझ्यापाशी राहिली आणि इथल्याच एका प्रयोगशाळेत स्नायूंच्या पेशींवर काम करत राहिली. भावासाठी केलं बिचारीनं, असं कुणी म्हटलं की उसळायची. ‘भावासाठी कशाला? मला आवडतं म्हणून!’ पोळ्या लाटता लाटता मला शिकवायची. सगळ्या पेशींत जनुकं तीच. कुठलं कधी चालू नि कधी बंद, एवढाच सगळा खेळ. स्नायूच्या कडेला काही पेशी झोपून असतात. इजा झाली की त्यांच्यातली ठरावीक जनुकं चालू होतात, त्या जाग्या होतात, वाढतात, डागडुजी करतात आणि त्यांतल्या काही राखीव म्हणून परत झोपतात. ‘तुझ्या पेशी आळशी नाहीत रे नंद्या. त्यांना झोपच मिळत नाही. दुरुस्त केलेलं पुन्हा फाटतं.’ का कोण जाणे, ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

एकदा तिनं मोबाइलवर बशीत वाढवलेल्या पेशी दाखवल्या. भरपूर खायला घातलं तर त्या नुसत्या वाढतच राहतात म्हणे. खाणं कमी केलं की वाढायचं थांबतात, एकमेकींना चिकटतात आणि त्यांचा स्नायू होतो. तसा एक धागा बशीत आपला आपण थरथरत होता. ‘बशीत हलतंय, माझ्यात का नाय?’ मी म्हणालो. चेष्टाच केली होती. ताई उठून गॅलरीत गेली, बराच वेळ आत आली नाही…

कामाला निघताना ती रोज माझ्या मुठीत दोन बोटं सरकवायची. ‘दाब.’ मी सगळा जीव एकवटून दाबायचो. ‘आई गं! मोडशील ना मेल्या!’ असं ओरडून ती स्कूटरची किल्ली उचलायची. हाताखालच्या मुलींनी एखादा आकडा सोयीनं लिहिला तर सगळा प्रयोग पुन्हा करायला लावणारी ही बाई. पण माझ्या मुठीतली ताकद कधीच संपली, तरी तिचं ‘आई गं’ तसंच खणखणीत राहिलं. मला कळत होतं. पण ते ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नव्हता.

मग तिलाच हृदयविकाराचा झटका आला. हृदयाच्या स्नायूला तशा राखीव पेशी जवळपास नसतातच, हेही तिनंच कधीतरी सांगितलेलं. दवाखान्यात सलीमभाईंनी माझी खुर्ची खाटेला लावली आणि माझी बोटं तिच्या मुठीत ठेवली. तिचं बोलणं बंद झालं होतं, डोळे उघडे होते. ‘ताई, दाब,’ मी म्हणालो. तिची बोटं माझ्या बोटांवर नुसती टेकली… ‘आई गं!’ मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की नर्स धावत आली. ताईच्या ओठांचा कोपरा हलला. ती हसली, असं मी धरून चाललोय.

आता सकाळ-संध्याकाळ सलीमभाई येतात, उठवतात, बसवतात. स्कूटर जिन्याखाली तशीच आहे. दिवसभर घरात मी आणि पंखा. फार एकटं वाटतं, उगाच कशाला लपवू? सकाळी चहा झाला की, ताईच्या निघायच्या वेळी, माझा हात उघडतो, उघडेल तेवढा. परवा सलीमभाईंच्या ते लक्षात आलं. ‘क्या होना, नंदूभाई? पानी?’ त्यांनी पेला माझ्या ओठांना लावला. तहान नव्हती. प्यालो.