आधी कुठली बाजू

माझ्या नवऱ्याची जुनी फ्रेंच डीएस गाडी केंब्रिजच्या आमच्या गराजमध्ये असे. पन्नासच्या दशकात ती घडवणाऱ्यांनी पोलादी स्प्रिंगा काढून त्यांच्या जागी तेल आणि वायू भरला होता. बंद केली की ती हळूहळू खाली बसायची, चालू केली की अंग उचलायची. जन्मभर इंजिनिअर असूनही त्यांना त्याचं नवल संपलं नव्हतं.

२००८च्या हिवाळ्यात ते हॉस्पिटलमध्ये होते. "आठवड्यातून एकदा चालू कर, नाहीतर तिचे रबरी सील सुकतील," एवढंच त्यांनी मागितलं. गराज गार असे, म्हणून मी घरात पुस्तक वाचत बसे.

"उठली का गं?" पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं.

"उठली हो."

"आधी कुठली बाजू?"

"पुढची," मी ठोकून दिलं.

"बरं केलंस," म्हणून ते उशीला टेकले.

ते गेल्यावर, शेजाऱ्यांनी उतरलेल्या बॅटरीला केबल लावून दिली तेव्हा मी पहिल्यांदा किल्ली फिरवली. गाडी गाईसारखी उठली, आधी मागून, मग पुढून.

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. तरी पुढे दर आठवड्याला ते फक्त "उठली का?" एवढंच विचारत राहिले, आणि मी "उठली" म्हणत राहिले.