लाल शाईने खोडलेलं अक्षर

"कोशात दाखवा," एवढंच म्हणून ते कागद माझ्याकडे परत सरकवत. वर बघतही नसत.

देवासच्या दरबारी कचेरीत मी नवा कारकून होतो आणि ते आमचे इंग्रजी भाषांतरकार. टेलिफोनला 'फोन' किंवा बायसिकलला 'बाइक' लिहिलं की लाल शाईची रेघ ठरलेली. "हे गल्लीतलं इंग्रजी घरी ठेवा." असे वरिष्ठ तुम्हीही पाहिले असतील. मला त्यांचा राग होता, आणि तो आजही आहे.

१९१५ साली, लढाईच्या दुसऱ्या वर्षी, हाटपिपल्याहून एक म्हातारा सुतार पत्र घेऊन आला. मुलगा खेचरांच्या तुकडीबरोबर फ्रान्सात गेलेला. पत्र त्याच्या गोऱ्या सार्जंटाचं.

"पोराचं काय लिहिलंय, साहेब?"

लिहिलं होतं की पायाला गोळी लागली, त्याला 'ब्लायटी' मिळाली, नशीबवान आहे. भाषांतरकारांनी कोश उघडला. शब्द नव्हता.

"फौजी माणूस, स्पेलिंग चुकलंय," म्हणत त्यांनी शेवटचं 'वाय' अक्षर खोडलं. उरलेला 'ब्लाइट' कोशात सापडला: पिकावरचा करपा, कीड.

"पाय सडत चाललाय. आशा धरू नका."

"पण पुढे नशीबवान लिहिलंय," मी म्हणालो.

"लवकर सुटेल म्हणून."

म्हातारा पत्र तिथेच ठेवून निघून गेला.

दोन दिवस मला चैन पडेना. शेवटी पत्र घेऊन दूरच्या रेल्वे स्टेशनवरच्या गोऱ्या गार्डाकडे गेलो. त्याचा भाऊ लढाईवर होता. वाचून तो हसला. आपल्याच 'विलायती'चं शिपायांनी 'ब्लायटी' केलं होतं. त्यांच्या बोलीत ती म्हणजे मायदेश, आणि जिच्यामुळे तिकडे पाठवतात पण जीव जात नाही, अशी जखमही. मुलगा विलायतेत इस्पितळात होता.

मी बैलगाडी करून हाटपिपल्याला गेलो. मुलाची आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. अन्न सोडलेलं. सगळं ऐकून ती उठून बसली.

"मग त्या साहेबानं असं का वाचलं, भिया?" माळव्यात भावाला असंच म्हणतात.

परतल्यावर मी हाच प्रश्न भाषांतरकारांना विचारला. "चूक माझी नाही," ते म्हणाले. "शब्दाची आहे." त्यानंतर कामाशिवाय मी त्यांच्याशी बोललो नाही.

मुलगा परत आला, लंगडत का होईना. पुढे त्याच्या आईनेच मला सांगितलं की भाषांतरकार एकदा एकटेच तिच्या दारात येऊन उभे राहिले. हात जोडले. तिने गूळपाणी दिलं, ते प्यायले आणि गेले.

तिने त्यांना माफ केलं असेल. ते वारले तेव्हा सगळी कचेरी स्मशानात गेली. मी माझ्या जागेवरून उठलो नाही.