बुटाच्या आतला मासा

मिस्तरींनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी टॅटू काढून घ्यायचं ठरवलं, तेव्हा बायकोला वाटलं, यांना म्हातारचळ लागला. सगळे त्यांना मिस्तरीच म्हणत. रंगाच्या कारखान्यात ते फिटर होते. पाइप, झडपा, पंप, सगळी गळती त्यांच्या गळ्यात. घड्याळ बांधलं तरी मनगट खाजतं म्हणून काढून खिशात ठेवणारा हा माणूस, आणि आता कातडीत सुई मारून घेणार!

"कुणाचं नाव काढताय?" तिनं विचारलं. "माझं असेल तर आधी दाखवा. शुद्धलेखन तपासून देते."

ते हसले नाहीत. त्या घरात चार महिन्यांत कुणीच हसलं नव्हतं. तिनं आपला एक प्रयत्न करून पाहिला होता.

चार महिन्यांपूर्वी कारखान्यातल्या रंगाची भुकटी वाळवणाऱ्या ड्रायरचा स्फोट झाला. सात माणसं गेली. त्यात मिस्तरींचा धाकटा भाऊ होता. त्याला त्या कारखान्यात चिकटवलं होतं मिस्तरींनीच, साहेबाच्या चार विनवण्या करून. स्फोटाच्या वेळी मिस्तरी आवाराच्या दुसऱ्या टोकाला एका पंपाखाली उताणे पडून नट आवळत होते, म्हणून वाचले.

सातांपैकी एकाचाच देह दुसऱ्या दिवशी घरी गेला. क्रेनवाल्याचा. त्याच्या पोटरीवर विंचू गोंदलेला होता. त्याच्या बायकोनं चादर गुडघ्यापर्यंत सरकवली आणि म्हणाली, हाच. बाकी सहांच्या घरच्यांनी रक्ताचे नमुने दिले, फॉर्म भरले, आणि 'अहवाल आला की कळवू' हे वाक्य ऐकत बसले. त्रेचाळीस दिवस. मिस्तरींची आई तेवढे दिवस दाराजवळच्या स्टुलावर बसून होती. जेवण तिथंच, डुलकी तिथंच.

शेवटी एक बंद पेटी मिळाली आणि एक कागद. पेटी उघडू नका, असं अधिकाऱ्यानं बजावलं. आईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद उलटासुलटा करून पाहिला.

"यात तोच आहे कशावरून?"

"तपासणी झालीय, आई."

"पाहिलं कुणी?"

पाहिलं कुणीच नव्हतं. आई रडली नाही. डोळ्यांतून टिपूस नाही. जेवता जेवता मध्येच म्हणायची, "चुकून दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात ठेवला असेल. त्याला नाव सांगता येत नसेल." मग मिस्तरी ताट बाजूला सारायचे. आपलं काही झालं तर म्हातारीला हे पुन्हा करावं लागेल, या विचारानं त्यांच्या डोळ्याला डोळा लागेना.

शवागाराच्या खेपा घालून घालून तिथल्या माणसाशी त्यांची ओळख झाली होती. एक दिवस त्यांनी त्याला विचारलं, "आगीत कुठला भाग राहतो?"

त्या माणसानं कशाला विचारता, असं म्हटलं नाही. हातमोजे काढत तो म्हणाला, "बुटातला. चांगला चामड्याचा उंच बूट असेल तर घोटा राहतो. बाकीचं सांगता येत नाही."

मिस्तरींचं ठरलं ते तिथं. पण काढायचं काय? अक्षरं आईला कळणार नाहीत, आणि विंचू-वाघ काढले तर ती म्हणेल, हा माझा नव्हेच. मग त्यांना लहानपणीचे शर्ट आठवले. एकाच ताग्यातल्या कापडाचे दोघांचे शर्ट, नेहमी अदलाबदल व्हायचे. आईला नाव लिहिता येत नव्हतं, म्हणून कॉलरच्या आत तिनं दोऱ्यानं खूण घातली होती. थोरल्याला मासा, धाकट्याला पान.

त्यांनी आईसमोर कागद आणि पेन्सिल ठेवली. "तो मासा काढून दे."

"कशाला?"

"पायावर काढून घेतोय."

आईनं पेन्सिल सुईसारखी धरली. "पायावर कुठं?"

"घोट्याच्या जरा वर."

तिचा हात थांबला.  "बुटाच्या आत?"

"हो."

तिनं कागद जवळ ओढला. एका रेघेत मासा काढला, डोळ्याच्या जागी एक ठिपका दिला. कागद परत करताना म्हणाली, "शेपटी डावीकडेच ठेवायला सांग. मी कायम डावीकडे घालायचे. उजवीकडे असली तर मी नाही म्हणेन."

बायकोला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला एवढंच ठाऊक, की नवरा काहीतरी मागतोय, चार महिन्यांत पहिल्यांदाच. म्हणून ती हिरिरीनं तयारीला लागली. टॅटूच्या दुकानातून मिळालेला सूचनांचा कागद तिनं कपाटाच्या दाराला चिकटवला. आदल्या दिवशी दारूचा थेंब नको. मिस्तरी अलीकडे घ्यायला लागले होते, तिनं बाटली शेजारणीकडे नेऊन ठेवली. रक्त पातळ करणारी गोळी नको. त्यांच्या डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या तर चालतील का, हे ती औषधाच्या दुकानात विचारून आली. भरपूर पाणी. आठ तास झोप. पोटभर जेवण. सैल पायाची पँट. दोन आठवडे बूट घालायचे नाहीत, म्हणून मिस्तरींनी साठवलेली रजा टाकली.

त्या सकाळी तिनं भात आणि दोन उकडलेली अंडी वाढली आणि आंघोळीला गेली. मिस्तरींना सुईच्या विचारानं जेवण नको झालं होतं. त्यांनी ताट चिवडलं, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकलं आणि ताट घासून ठेवलं.

दुकान एका चावीवाल्याच्या वरच्या मजल्यावर होतं. स्वच्छ खोली, दाढीच्या दुकानात असते तशी मागं झुकणारी खुर्ची. टॅटूवाली तिशीची, दोन्ही हात खांद्यापर्यंत वेलबुट्टीनं भरलेले.

"काका, जेवलात?"

"भरपूर."

तिनं सुईचं नवं पाकीट त्यांच्यासमोर फोडलं. आईचा कागद पाहिला, पायाकडे पाहिलं. "इथं सरळ हाड लागतं, काका. जीव जाईल. जरा वर घ्या, पोटरीवर. दुखणारही कमी, दिसेलही छान."

"दिसायला नकोय."

ती खांदे उडवून कामाला लागली. केस काढले, जागा पुसली, माशाचा ठसा उमटवला. मिस्तरींनी वाकून शेपटी तपासली. मग यंत्र गुरगुरलं. पंपाखाली घट्ट बसलेला नट आवळताना धरत तसा त्यांनी श्वास धरला आणि खुर्चीचे हात आवळले. माशाच्या पाठीएवढी रेघ झाली असेल-नसेल, त्यांच्या कानात शिट्ट्या वाजायला लागल्या. तोंड पांढरंफटक पडलं.

टॅटूवालीनं यंत्र बंद केलं, खुर्ची आडवी केली, पाय उशीवर चढवले. बायको पदरानं कपाळ पुसत होती. साखरेच्या पाण्याचे चार घोट पोटात गेल्यावर त्यांना छत दिसायला लागलं.

"खरं सांगा, जेवलात का?"

"नाही."

"अहो, मग ते ताट?" बायको म्हणाली.

"काका, आज राहू द्या," टॅटूवाली म्हणाली. "नाहीतर पोटरीवर घेऊ. ही रेघ एवढीशी आहे, कुणाला कळणारही नाही."

"पोटरीचा भरवसा नाही, जळते," मिस्तरी म्हणाले.

 टॅटूवालीला स्फोटाची बातमी माहीत असणारच, ती साऱ्या शहराला माहीत होती. ती पाठ फिरवून नीट लावलेल्या बाटल्या पुन्हा नीट लावू लागली. बायकोनं आधी त्यांच्या पायाकडे पाहिलं, मग बाजूला काढून ठेवलेल्या बुटांकडे.

"नोकरी सोडा," ती हळूच म्हणाली.

"आणि करू काय? या वयात मला दारात कोण उभं करणार?"

 ती म्हणाली, "मग मला सांगायचं नाही होय? उद्या आईंचे डोळे गेले, तर ओळखायला मलाच यावं लागेल ना? मला काय माहीत मासा?"  मग तिनं स्टूल ओढून पायाशी घेतलं. "काढा. मी इथं बसून बघते. नीट बघते."

पाऊण तासानं, पोटात ब्रेडचे तुकडे गेल्यावर, टॅटूवालीनं पुन्हा सुरुवात केली. "श्वास धरायचा नाही. सुई लागली की सोडायचा. आणि काहीतरी बोला, गप्प राहिलं की जास्त दुखतं."

मिस्तरींना दुसरं काही सुचेना. ते धाकट्याबद्दलच बोलले. एकदा त्यानं थोरल्याचा शर्ट घालून काचेचं दार फोडलं आणि मार चुकवायला तो शर्ट तिथंच टाकून पळाला. आईनं कॉलर उलटी केली, मासा पाहिला, आणि मिस्तरींना बदडून काढलं. धाकटा लेकाचा कोपऱ्यात तोंड दाबून हसत होता. सांगता सांगता मिस्तरींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. टॅटूवालीनं हात थांबवला नाही. अर्ध्या तासात काम झालं.

घरी आल्यावर पाय धुवायचं काम आईनं आपल्याकडे घेतलं. दिवसातून दोनदा, कोमट पाणी, साधा साबण, टिपून कोरडं करायचं, वर मलमाचा पातळ हात. "तुम्हा दोघांना धुतच तर म्हातारी झाले," म्हणाली. चौथ्या दिवशी पाय मांडीवर घेऊन बसली असताना तिनं विचारलं, "त्या दिवशी त्याच्या पायात बूट होते?"

मिस्तरींनी हो म्हणायला तोंड उघडलं. पण जमलं नाही.

"चप्पल होती, आई. पाय उकडतात म्हणून तो चपलेवरच जायचा. मी ओरडलो होतो त्याला. त्या सकाळीपण."

 "म्हणजे बघण्यासारखं काही नव्हतंच," ती म्हणाली. "म्हणून दाखवलं नाही." आणि ती रडू लागली, मोठ्यानं, छाती पिटून, एकशे काही दिवसांचं एकदम. बायको आतून धावत आली आणि दारातच थांबली. त्या दिवसानंतर दुसऱ्या दवाखान्याचं नाव आईनं काढलं नाही.

सोळाव्या दिवशी मिस्तरी कामावर गेले. बूट घालताना जरा चरचरलं. कपडे बदलायच्या खोलीत त्यांचा पाय दोघांनी पाहिला. कुणी चेष्टा केली नाही. एकानं फक्त दुकानाचा पत्ता विचारला.

दोन महिन्यांनी टॅटूवालीचा फोन आला. "काका, तुमच्याकडची माणसं येताहेत. आतापर्यंत पाच झाली. सगळ्यांना घोटाच हवा असतो. त्या दिवशी माझ्याच्यानं दुसरं काम होत नाही."

"मग नको काढूस. मी सांगतो त्यांना."

पलीकडं यंत्राचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"नाही," ती म्हणाली. "पाठवा. सोमवारी पाठवत जा. सोमवारी मी दुसऱ्या कुणाला घेत नाही."