कणकेतली मूठ

"आज परत? दोन चपात्या कमी पडतील, आधीच सांगून ठेवते."

घरातून काकूंचा आवाज आला आणि मी फाटकाशीच थबकले. माझ्या हातात रुमालात गुंडाळलेला बाबांचा चाकू होता. अंगणात काका कानस चालवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पडू दे कमी. लिंबाएवढा गोळा दे फक्त."

ऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते. कॉलनीत आमच्या मागच्याच ओळीत राहायचे. कामावरून आले की लोकांचे जुने, मिटून खिशात मावणारे चाकू दुरुस्त करायचे, निव्वळ हौस म्हणून. मुठी स्वतः घडवायचे, कधी बाभळीच्या, कधी मोडक्या पलंगाच्या शिसवी पायाच्या. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, पण प्रत्येक मुठीआधी त्यांना मळलेली कणीक लागायची. ज्याचा चाकू, त्याने तो गोळा हातात धरून दाबायचा. बोटं कुठे रुतली, अंगठा कुठे टेकला, ते पाहून काका लाकूड तासत.

त्या दिवशी एक इंजिनीअर साहेब आले होते. त्यांनी कणीक दोन बोटांत धरली.

"सही नाय करायची साहेब, चाकू धरायचाय. दाबा!"

साहेबांनी दाबली आणि विचारलं, "उद्या मिळेल?"

"घाईची मूठ हाताला फोड देते," काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी कॉलनीतल्या प्रत्येकाला निदान एकदा तरी ऐकवलं असेल.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. घरी मराठीच बोलायचो, पण परक्या माणसासमोर मला दोन्ही भाषा सोडून जायच्या. साहेब गेल्यावर मी चाकू पुढे केला आणि एवढंच म्हणाले, "बाबांचा."

बाबा त्याच केंद्रात कारकून होते. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. ऑफिसच्या पिशवीत पडून चाकू गंजला होता, उघडतच नव्हता. मुठीची एक बाजू तुटून गेली होती.

काकांनी तो उलटसुलट करून पाहिला. "लय पेरू कापलेत यानं. कँटीनमधे सगळ्यांना फोडी द्यायचे तुझे बाबा. मिठाची पुडी पण खिशातच."

बाबा पेरू कापून फक्त मलाच देतात, असा माझा इतकी वर्षं समज होता. मला थोडं वाईट वाटलं, थोडं बरंही.

चाकू चार दिवस रॉकेलमध्ये राहिला. मग काकांनी तो हळूच उघडला, गंज घासून काढला, सांध्यात तेलाचा थेंब सोडला. कानाशी नेऊन मिटून पाहिला. "अजून घोगरा हाय." पुन्हा तेल, पुन्हा कान. पातं चकचकीत मात्र केलं नाही. "आरसा हाय का तो? धार पुरे."

मग काकूंना हाक मारून कणीक मागवली आणि मला विचारलं, "कुणाकडं राहणार चाकू?"

घरी ते ठरून गेलं होतं. सायखेड्याचे आप्पा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आईला म्हणाले होते की पुरुषाची वस्तू मुलाकडे जावी, म्हणून चाकू त्यांच्या मुलाला द्यायचा. आईने मान डोलावली होती. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही काही बोलले नव्हते.

"रविवारी सांगते," मी पुटपुटले.

"अगं, घे ही परत," काका घराकडे तोंड करून म्हणाले. "आज पुरतील चपात्या."

पुढे काका निवृत्त होऊन विंचूरला गेले, तिथेच वारले. मी भेटायला जायचं म्हणत राहिले, जमलं नाही. त्यांची आठवण निघाली की मला ते त्या रविवारचेच दिसतात.

कणकेचं घरी कळलं, तसे रविवारी आप्पा स्वतःच माझ्यासोबत आले. अंगणात पाय ठेवताच म्हणाले, "माझ्या पोराचा हात माझ्यासारखाच हाय. आणा, मीच दाबतो."

काकूंनी गोळा आणून दिला. काकांनी तो आप्पांना दिला नाही. अंगठ्याने टोचून पाहिला. "पाव्हणं, कणीक जरा घट्ट झालीय. थांबा." त्यांनी तांब्यात बोटं बुडवली आणि गोळा तळहातावर मळायला लागले. मऊ झाला तरी मळतच होते. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

"झाली की आता," आप्पा म्हणाले.

"होईल." काकांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बोटं पाण्यात बुडवली.

मी हात पुढे केला.

"आप्पा, बाबांचा चाकू मी कुणाला देणार नाही. काका, माप माझ्या हाताचं घ्या."