पाठमोरी सुनको

सुनको दर साली मणिमहेशच्या तळ्यावर येते आणि कैलासाच्या शिखराकडे पाठ करून बसते. परक्यांना वाटतं, नवस असेल. नवस कसला, तिच्या डोक्यात भरवलेलं खूळ आहे ते.

हिमाचलातल्या आमच्या भरमौरकडे समज असा, की मनात पाप असेल त्याला शिवजी शिखर दाखवत नाही, ढगाचा पडदा ओढून घेतो. सुनकोचा नवरा सोभिया प्यायचा आणि मारायचा. हात मोडला तशी ती माहेरी निघून आली. त्या हंगामात तो मेंढ्या घेऊन एकटाच कुगतीच्या खिंडीत चढला आणि बर्फात गाडला गेला. पुढच्या राधाष्टमीच्या यात्रेला सुनको तळ्यावर आली, तर शिखर झाकलेलं. तिची थोरली नणंद केसरो सगळ्यांदेखत म्हणाली, "नवऱ्याला एकटं सोडलंस, शिवजी तुला तोंड दाखवणार नाही."

झालं! तेव्हापासून ही बाई गौरीकुंडात अंघोळ करते, तळ्याकाठी दिवा लावते आणि वळून बसते. का, तर आपल्यापायी बाकीच्यांचं दर्शन चुकायला नको. एकटीने मेंढरं राखली, माग चालवला, कुणापुढे मान खाली घातली नाही, फक्त इथे.

"अगं, श्रावण-भादव्यात ढग येणारच," मी दर वर्षी सांगायची.

"तू कॉलेजात गेलीस, तुझ्यासाठी ते ढग," ती म्हणायची.

यंदा केसरोही आली होती. तिच्या डोळ्यांत पडदा वाढतोय. नजर आहे तोवर एकदा शिखर बघायचं होतं तिला. पहाटे तंबूबाहेर आलो, तर समोर नुसता कापूस.

"सुनको, एखाद्या वर्षी घरी बसली असतीस तर?" केसरो म्हणाली.

सुनकोने कमरेचा काळ्या लोकरीचा दोर आवळला. "वन्सं, मी खाली धनछोच्या मुक्कामाला उतरते. तुम्ही डोळे भरून बघून या."

"बस खाली, मूर्ख!" मी ओरडले. ती निघालीसुद्धा.

ढग हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"सुनको तर गेली. आता कुणाचं पाप?" फुलमो चहावाली म्हणाली.

"माझ्याकडे काय बघतेस?" केसरो उसळली.

"तूही उतरून बघ की, केसरो!" एक म्हातारा मेंढपाळ ओरडला, आणि सगळा तळ हसला. केसरो नाही हसली.

शेवटी आम्ही उतरलो. धनछोच्या लंगरात सुनको रोट्या लाटत होती. आम्हाला बघताच म्हणाली, "दिसलं?"

केसरोने माझ्याकडे पाहिलं. तिची गोष्ट, तिनेच सांगावी.

"नाही दिसलं," केसरो म्हणाली.

"पण मी तर इथे होते."

"हो."

"दोन्ही दिवस?"

"दोन्ही दिवस गं. कुणालाच नाही दिसलं."

सुनकोचं लाटणं थांबलं. चुलीवरची रोटी करपायला लागली, ती मीच उलटली.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "म्हणजे तेव्हाही ते नुसते ढगच होते?"

केसरो काठी टेकून खाली बसली. मग म्हणाली, "माझा भाऊ गेला होता गं. कुणाला तरी बोल लावायचा होता मला."

मला वाटलं, आता सुनको हिला फाडून खाईल. खायलाच हवं होतं. तिने हातांचं पीठ झटकलं, चादर खांद्यावर टाकली आणि बाहेर पडली.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

"वर."

"अजून ढग आहेत ना!"

"असू देत. ढगांकडे तोंड करून बसते."

केसरो काठी टेकत उठली. "हळू चाल, सुनको. मला पायाखालचं दिसत नाही."

सुनको थांबली. मागे वळली नाही, पण दोराचं एक टोक सोडून तिने मागे धरलं. केसरोने चाचपडत ते पकडलं.

लंगराबाहेर माणसं जेवायला खोळंबली होती. मी लाटणं हातात घेतलं.