पाहुण्यांची वाट बघत निवलेले दगड

माझ्या नवऱ्याचं प्रेत साहेबांची वाट बघत अंगणात ठेवलं होतं.

साहेब, म्हणजे आमच्या भागातले पुढारी, हार घेऊन येणार होते. निघालेत, पोचतीलच, असं जो तो सांगत होता.

मी म्हणाले, "उचला."

आज त्याच तारखेला सकाळी फोन आला. आमच्या दूध सोसायटीच्या जुन्या अध्यक्षांचा नातू.

"आजी, उत्तम आजोबांच्या पुण्यतिथीचा प्रोग्रॅम ठेवलाय सोसायटीत. 'विज्ञानप्रेमी' म्हणून फ्लेक्सबी केलाय."

"किती वाजता?"

"चारला. म्हणजे साहेब येतील तसं."

किळस आली. दुसरा शब्द माझ्याकडं नाही.

विज्ञानप्रेमी म्हणे. माझ्या मालकांचं विज्ञान या गावानं कसं ऐकलं, ते मी सांगते. मी तिथं होते.

मालक येडशीच्या रेल्वे स्टेशनवर खलाशी होते. गाडीत लोक पेपर टाकून जायचे, ते घडी करून घरी आणायचे. मी शाळा पाहिली ती चौथीपर्यंत. पुढचं सगळं त्या शिळ्या पेपरांवर.

त्र्याऐंशी साली एका पेपरात आलं, की आभाळाच्या पार वर एक दुर्बीण सोडलीय. ती उजेड बघत नाही, ऊब बघते.

सूर्याभोवती बारके दगड फिरतात. लघुग्रह. त्यातले कितीतरी कोळशासारखे काळे. उजेड परत फेकत नाहीत, म्हणून साध्या दुर्बिणीच्या नजरेतून सुटतात. पण उन्हानं तापतात तर खरे. ती ऊब या दुर्बिणीला दिसते.

मालकांनी विचारलं, "कळलं का काही?"

"त्यात काय न कळायचं? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडत होते मी. दिवस मावळला तरी काळा दगड हाताला सांगतो, मी हितं हाय म्हणून."

"मग तूच दे की भाषण."

"माझं कोण ऐकतंय?"

"आन् माझं लई ऐकत्यात!"

पण ती गोष्ट त्यांच्या डोक्यातून जाईना. गावातल्या एका तरी माणसानं डोळे मिटून नुसत्या उबेवर काळा दगड ओळखावा, एवढीच त्यांची हौस.

सोसायटीच्या नव्या इमारतीचं उद्घाटन ठरलं. आमची एक म्हैस होती, म्हणून आम्ही सभासद. मालकांनी अध्यक्षांकडं पाच मिनिटं मागितली.

"घे की उत्तम. पाहुण्यांचं झालं की तू."

मालकांनी सारखे दोन दगड आणले. एकाला डांबर फासलं, एकाला चुना. दुपारपासून मंडपापुढं उन्हात मांडले. शेजारी गार पाण्याचा माठ. आधी हात माठात बुडवायचा, मग डोळे मिटून दगडाला लावायचा.

मी म्हणाले, "माठ कशाला आणि?"

"अगं, ती दुर्बीणसुद्धा लई गार ठेवावी लागती. स्वतःच गरम असली तर तिला स्वतःचीच ऊब दिसत बसंल. दगड कुठला दिसायला?"

हे वाक्य मी आयुष्यात विसरले नाही. पुढं किती मोठी मोठी माणसं बघितली, स्वतःचीच ऊब बघत बसलेली.

प्रोग्रॅम चारचा होता. पाहुणे नाहीत. पाहुण्यांआधी नारळ फोडायचा नाही, ही रीत. सगळा गाव सतरंजीवर बसून.

मालक उठायचे, दगडाला हात लावून यायचे.

पाहुणे आले तेव्हा ऊन डोंगराच्या कडेला गेलेलं. मग सत्कार. शाल, फेटा, हार. कंत्राटदाराचा सत्कार, कंत्राटदाराच्या मेव्हण्याचा सत्कार. मग दुष्काळावर भाषणं. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या बायकांना यांनी दुष्काळ समजावून सांगितला!

दिवस बुडून चांगली रात्र झाल्यावर माईकवरून आवाज आला, "हं, उत्तम. आटप बाबा, जेवणं खोळंबलीत."

मालक दगड उचलून आत घेऊन आले. हात कसा बुडवायचा ते सांगितलं.

कोणी उठेना.

अध्यक्ष माईकवरच हसले. "उत्तम, पाणी कुणाच्या घरचं म्हणायचं?"

आम्ही बौद्ध. मंडपात सगळ्यांना कळलं, काय विचारलंय ते. आणि सगळे हसले.

आमच्या म्हशीचं दूध दोन्ही वेळा सोसायटीच्या कॅनमध्ये चालत होतं. आमच्या माठातलं पाणी चालेना. तेही प्यायला नाही, नुसता हात बुडवायला.

शेवटी एक म्हातारे उठले. हात कोरडाच ठेवून दोन्ही दगड चाचपले.

"आरं, दोन्ही गारच हायती की!"

गारच असणार. निवले होते ते, तुमच्या हारतुऱ्यांत.

मंडप परत हसला. पुढं कितीतरी वर्षं पोरंसोरंसुद्धा मालकांना "गार दगड" म्हणायची.

घरी जाताना मालक माठ खांद्यावर घेऊन चालत होते. वाटेत माठ दुसऱ्या खांद्यावर घेतला. मग म्हणाले, "दुर्बिणीचं बरं हाय. तिला पाहुण्यांसाठी थांबावं लागत न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्याच माठातून पाणी प्यालो आम्ही.

म्हणून त्यांना उचलताना मी कोणासाठी थांबले नाही. लोक म्हणाले, बाई कठोर आहे. म्हणू द्या.

अध्यक्षांच्या नातवाला आज सांगितलं, "फ्लेक्स काढ. स्मृतिदिन माझ्या घरी आहे."

"साहेबांना काय सांगू?"

"त्यांना म्हणावं, ऊन थांबत नसतं."

दुपारीच अंगणात दोन दगड मांडलेत. एक डांबराचा, एक चुन्याचा. दिवस मावळला की सुरू. कोणाचीही वाट बघितली जाणार नाही. सत्कार नाही, माईक नाही.

ज्याला यायचं त्यानं यावं. आधी हात पाण्यात बुडवायचा, मग डोळे मिटायचे.

माठ भरून ठेवलाय. आमच्याच घरचा.

जयभीम, मालक. दगड तापलेत.